पक्ष्यांना जाती असतात, माणसांना नसतात

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सात जण भुईगावच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला गेलो. आदल्या रात्री आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर हा बेत टाकला, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी लगेच विचारले, "वस्तीत टँकरसाठी रांगा लागतात, पोरं स्कॉलरशिपसाठी हेलपाटे घालतात, आणि तुम्ही दुर्बिणी लावून बगळे मोजणार?" पुढे हसण्याचे चिन्हही नव्हते. त्यांचा राग खोटा नव्हता. ज्या माणसाने तीस वर्षे सुट्टीचा प्रत्येक दिवस चळवळीला दिला, त्याला रविवारची ही सहल चैन वाटणारच. आम्ही गटावर काही उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर उत्तर आमच्याकडे नव्हतेच. ते किनाऱ्यावर मिळाले, म्हणून हा लेख.

तिथी पौर्णिमेच्या जवळची होती. अशा दिवशी आपल्या किनाऱ्यावर पहाटे ओहोटी असते आणि दुपारी बाराच्या सुमारास भरती. हे गणित आमच्यातल्या कोळीवाड्यात वाढलेल्या मैत्रिणीने आधीच करून ठेवले होते. सातच्या सुमारास सुरूच्या झाडांतून बाहेर आलो तेव्हा समुद्र लांब गेला होता. समोर ओली रेती, चिखल, काळे खडक आणि खूप दूर हलणारे ठिपके. आमच्याकडे सात जणांत एक दुर्बीण, तीही मागून आणलेली. पहिला तासभर आम्हाला पक्ष्यांचे दोनच प्रकार कळत होते, मोठे आणि छोटे.

पाणी चढू लागले तसे ठिपके जवळ सरकले. चिखलात किडे शोधणाऱ्या पक्ष्यांची खाण्याची जागा भरतीने कमी होत जाते आणि ते किनाऱ्याकडे ढकलले जातात, म्हणून ही वेळ बघणाऱ्यांच्या सोयीची. तिथे अनुभवी पक्षीनिरीक्षकांचा एक गट आला होता. मोठे कॅमेरे, तिपाईवर लावलेली लांब दुर्बीण. त्यातले एक गृहस्थ खरोखर मनमिळाऊ होते. त्यांनी स्वतःहून आम्हाला बोलावले, दुर्बिणीला डोळा लावू दिला आणि शिकवायला सुरुवात केली.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की पक्षी ओळखायचा म्हणजे खूण शोधायची. हा लाल पायांचा, तो टिलवा. हा पळतो, थांबतो, टोच मारतो आणि पुन्हा पळतो, तो चिखल्या. दोन चिखल्ये शेजारी उभे असतील तर चोच बघा. एकाची बारीक, दुसऱ्याची जाड. छातीवरचा पट्टा पूर्ण आहे की मध्ये तुटलेला, ते बघा. उडाला तर पंखावर पांढरी रेघ आहे का ते बघा. दिसलाच नाही तर आवाज ऐका. प्रत्येक जातीची खूण ठरलेली आणि ती जन्माने आलेली. चिखल्याच्या अंड्यातून टिलवा निघत नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त आवडली. खडकावर दोन बगळे उभे होते, एक पांढराशुभ्र आणि एक पाटीसारखा काळसर. आम्ही वहीत दोन जाती लिहिल्या. ते हसले. "इथेच सगळे फसतात. हा समुद्री बगळा. पांढराही असतो, काळाही असतो. जात एकच. एकमेकांशी जोड्याही जमवतात. रंगावर जाऊ नका." मग त्यांनी कुरव दाखवले. हिवाळ्यात आपल्याकडे येतात तेव्हा या पक्ष्यांचे डोके पांढरे असते, कानापाशी फक्त एक गडद ठिपका. उन्हाळ्याच्या तोंडाला परत निघतात तेव्हा तेच डोके गडद तपकिरी होते. म्हणजे पक्ष्यातही रंग फसवतो. आम्ही मन लावून ऐकत होतो.

आणि मग त्याच गृहस्थांनी आमच्यातल्या एकाला विचारले, "नाव काय तुझं?"

त्याने सांगितले.

"नाही, पूर्ण नाव?"

त्याने वडिलांचे नाव जोडले.

"आडनाव?" मग आडनावाने भागले नाही. "मूळ गाव कुठलं? म्हणजे तिकडचे कोण तुम्ही?"

आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकला आहे. घर भाड्याने घेताना, हॉस्टेलमध्ये, नोकरीच्या पहिल्या दिवशी डबा उघडताना. विचारणारा नेहमीच दुष्ट असतो असे नाही. हे गृहस्थ तर मुळीच नव्हते. त्यानंतर त्यांनी दुर्बीण काढून घेतली, असे आम्ही म्हणणार नाही. शिकवणे चालूच राहिले. फक्त सूर बदलला. आतापर्यंत ते "हे बघ" म्हणत होते, आता "तुमच्यासारख्या मुलांनी हे करायलाच हवं" म्हणू लागले. पाच मिनिटांपूर्वी याच माणसाने काळा आणि पांढरा बगळा एकाच जातीचा असल्याचे आम्हाला समजावले होते. तोच माणूस आता आमच्यावर जातीची खूण शोधत होता. ती चेहऱ्यावर दिसेना, रंगात दिसेना, आवाजात ऐकू येईना. म्हणून त्याला आडनाव विचारावे लागले.

परतीच्या वाटेवर आमच्यातल्या एकीला सुत्तनिपातातले वासेट्ठसुत्त आठवले. आम्ही ते अभ्यासवर्गात वाचले होते, पण किनाऱ्यावरून आल्यावर पुन्हा वाचले तेव्हा ते वेगळेच वाटले. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांचा वाद आहे. माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की आचरणाने? ते तथागतांकडे जातात. बुद्ध सरळ उत्तर देत नाहीत. आधी गवत आणि झाडे बघायला सांगतात. मग किडे, मुंग्या, चार पायांचे प्राणी, साप, मासे आणि शेवटी पंखांनी आकाशात फिरणारे पक्षी. या प्रत्येकात जन्माने आलेल्या वेगवेगळ्या खुणा आहेत, म्हणून त्यांच्या जाती वेगळ्या आहेत, असे ते मान्य करतात. मग माणसाकडे येतात आणि एकेक अवयव मोजतात. केस, डोके, कान, डोळे, नाक, ओठ, मान, खांदे, हात, पाय, नखे. शेवटी रंग आणि आवाजही. माणसामाणसात यातली कोणतीही खूण जात ठरवणारी नाही. माणसांमध्ये फरक आहेत ते कामाचे आणि आचरणाचे, आणि त्यांना नावे दिली आहेत ती माणसांनी.

रंग आणि आवाज! पक्षीनिरीक्षक याच दोन गोष्टींवर जगतो. म्हणजे तथागतांनी जातिव्यवस्थेचे खंडन निरीक्षणाने केले. कोणता ग्रंथ काय म्हणतो हे विचारले नाही. बाहेर जा, बघा आणि खूण सापडते का ते सांगा, एवढेच म्हटले. पक्ष्यांत सापडेल, माणसांत सापडणार नाही. आमच्या मते जातिअंताचा इतका साधा प्रयोग दुसरा नाही, आणि तो करायला भुईगावच्या किनाऱ्यावर एक सकाळ पुरते.

आता या व्यवस्थेचा उलटा प्रयोग बघा. तिने माणसांवर नसलेल्या जाती लादल्या, इथवर आपल्याला माहीत आहे. पण तिने पक्ष्यांनाही वर्ण दिले.

दहाच्या सुमारास आमच्या डोक्यावर दोन घारी फिरत होत्या. एक पांढऱ्या डोक्याची, पांढऱ्या छातीची, बाकी अंग तांबूस. दुसरी रोज वस्तीवर दिसते ती मातकट रंगाची, दुभंगलेल्या शेपटीची. पहिलीचे पुस्तकातले नाव ब्राह्मणी घार. दुसरीला आपण मराठीत नुसते घार म्हणतो. पण इंग्रजी पुस्तकांत तिचे जुने नाव होते 'पारिया काइट'. सलीम अलींच्या १९४१ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या भारतीय पक्ष्यांवरच्या प्रसिद्ध पुस्तकातही ते आहे. पारिया म्हणजे तमिळ देशातले परैयर, 'परै' वाजवणारे, ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले. इंग्रजांनी त्यांच्या नावाचा अर्थच बहिष्कृत असा करून टाकला. गोरीगोमटी, नीटनेटकी दिसणारी घार ब्राह्मण झाली आणि उकिरड्यावर उतरणारी घार अस्पृश्य झाली. गंमत म्हणजे ब्राह्मणी घारही मेलेल्या माशांवर आणि बंदरावरच्या घाणीवर तितक्याच आवडीने जगते. दोघींचे काम सारखेच, पण नाव देताना एकीचा रंग बघितला आणि दुसरीचा उकिरडा.

आज 'पारिया' हे नाव मागे पडले आहे आणि त्या घारीला काळी घार म्हणतात. 'ब्राह्मणी' मात्र कायम आहे. खालचे नाव लाजेखातर पुसले गेले, वरच्या नावाची कोणाला लाज वाटली नाही. हे फक्त घारीपुरते आहे का, याचा विचार वाचकांनी करावा.

याउलट मराठीतली साधी नावे ऐका. शेपटी सतत वरखाली आपटणारा, हिवाळ्यात पाण्याकाठी येणारा पक्षी म्हणजे परीट. पान शिवून घर करतो तो शिंपी. लाकूड ठोकतो तो सुतार. पाण्यात सूर मारून मासा धरतो तो खंड्या, त्यालाच धीवरही म्हणतात. इंग्रजीत जी ब्राह्मणी स्टार्लिंग आहे तिला मराठी माणसाने भांगपाडी मैना म्हटले, कारण त्याला तिच्या डोक्यावरची केसांची ठेवण दिसली. ही नावे कष्टकऱ्यांच्या नजरेतून आली असावीत, असे आम्हाला वाटते, कारण ती पक्षी काय करतो, कसा दिसतो ते सांगतात. कोण उच्च आणि कोण नीच ते सांगत नाहीत. अर्थात परीट, शिंपी, सुतार ही आपल्याकडे जातींचीही नावे आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. फरक एवढाच की शिंपी पक्षी खरोखर शिवतो म्हणून शिंपी आहे. माणसाला मात्र आयुष्यात सुई न धरताही शिंपी राहावे लागते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात नेमके हेच दाखवले होते. जातिव्यवस्थेत श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी होते, आणि तीही एकाखाली एक अशी.

त्या सकाळी किनाऱ्यावर सगळ्यात जास्त जाणणारी व्यक्ती दुर्बिणीवाल्यांत नव्हती. एक मावशी खडकावरची कालवं कोयतीने काढत होत्या. आम्ही जवळ जाऊन विचारले, हे पक्षी भरतीत कुठे जातात? त्यांनी मान वर न करता सांगितले, "पाणी आलं की त्या टोकाच्या खडकावर बसतील. तिथं कुत्री जात नाहीत." साडेअकराला बहुतेक सगळे पक्षी त्याच खडकावर होते. कॅमेरेवाले तोपर्यंत दुसऱ्या टोकाला गेले होते. त्यांनी मावशींना काही विचारले नव्हते.

ज्ञान कोणाकडे आहे आणि नाव कोणाचे होते, हा प्रश्न जुना आहे. आपल्या देशात स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे मोठे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केले. त्यात पक्षी इजा न करता पकडण्याचे कसब होते बिहारच्या मीरशिकार समाजातल्या पारंपरिक फासेवाल्यांचे. आपल्याकडे पारध्यांना तित्तिराचा आवाज हुबेहूब काढता येतो. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून जी परंपरा सुरू झाली तिने अशा समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. 'जन्मजात' हा शब्द लक्षात घ्या. जे पक्ष्याच्या चोचीला लागू आहे ते माणसाच्या चारित्र्याला लावले. साहेबाने बंदुकीने शेकड्यांनी बदके पाडली तर ती शिकार, आणि पारध्याने पोटासाठी एक तित्तिर धरला तर तो गुन्हा. हा कायदा १९५२ मध्ये गेला, पण पोलीस ठाण्यातली नजर आजही पूर्ण गेलेली नाही.

मोकळ्या जागेत कोण संशयित ठरतो, हा प्रश्न फक्त आपलाही नाही. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर हा कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षक दुर्बीण घेऊन फिरत होता. नियमाप्रमाणे कुत्र्याला साखळी लावा, एवढेच त्याने एका गोऱ्या बाईला सांगितले. तिने पोलिसांना फोन केला की एक कृष्णवर्णीय माणूस मला धमकावतो आहे. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड मारला गेला. त्यानंतर आठवड्याभरात कृष्णवर्णीय तरुणांनी 'ब्लॅक बर्डर्स वीक' सुरू केला. हा रानावनाचा देश आमचाही आहे, हे त्यांनी पक्षी बघत सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पक्षीशास्त्रज्ञांच्या संघटनेने माणसांच्या नावांवरून ठेवलेली तिथल्या पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचा निर्णय जाहीर केला, कारण त्यातली काही नावे गुलामगिरीच्या समर्थकांची होती. ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्या महाराष्ट्राला यातून काही घ्यायचे नसेल तर नवल आहे.

आता भुईगाव. आम्ही हा किनारा निवडला तो पक्ष्यांसाठी. पण १९५६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, याच भुईगावात सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना शेजारच्या सोपाऱ्यात मिळाला होता. त्याच वर्षी त्यांनी लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत तो सोपाऱ्याचा स्तूप खोदला. तुकडे लहान आहेत, पण इतर ठिकाणच्या प्रतींवरून या दोन्ही लेखांचा पूर्ण मजकूर माहीत आहे.

नववा लेख म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे. दास आणि चाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. चाकराशी वागणे आणि पाखराशी वागणे एकाच यादीत आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आठवा लेख तर जणू आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या प्रश्नावरच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि तशाच करमणुकीला. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानाला भेट दिली आणि विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. त्यात लोकांना भेटणे, त्यांच्याशी धम्मावर बोलणे, त्यांना विचारणे आले. अशोकाने बाहेर पडणे बंद केले नाही. कशासाठी बाहेर पडायचे ते बदलले. आणि याच अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा जिवांची यादी आहे. तिच्यात पोपट, मैना, चक्रवाक, हंस आहेत. त्या चक्रवाकालाच पुढे इंग्रजांनी ब्राह्मणी बदक म्हटले. अशोकाच्या यादीत एकही पक्षी ब्राह्मणी नाही आणि एकही अस्पृश्य नाही.

तर मग आमचे उत्तर असे.

टँकरची रांग आम्ही सोडलेली नाही. सोमवारी आम्ही पुन्हा तिथेच होतो. पण महाडला २० मार्च १९२७ रोजी आपले पूर्वज गेले ते फक्त तहान भागवायला गेले नव्हते. चवदार तळ्यावर गुरेढोरे आणि पाखरे पाणी पीत होती, तिथे आम्हीही माणसे म्हणून उभे राहू शकतो, हे सिद्ध करायला गेले होते. पाण्याच्या काठावर बिनधास्त उभे राहण्याचा हक्क आपल्याला असा लढून मिळाला आहे. तो फक्त नळापाशी वापरायचा, समुद्रापाशी नाही, असे कोणी ठरवले? फुरसत, कुतूहल, बघण्याचा आनंद ही वरच्या लोकांची मिरास आहे असे आपणच मानू लागलो, तर पुस्तके तेच लिहितील, नावे तेच ठेवतील, आणि डोक्यावरची घारसुद्धा त्यांच्याच उतरंडीत उडत राहील.

ज्येष्ठांच्या प्रश्नाने एक चांगले झाले. आम्ही पुढची सहल वेगळी आखली आहे. सकाळी सोपाऱ्याच्या स्तूपापाशी जमायचे, तिथे वासेट्ठसुत्त वाचायचे, मग भरतीची वेळ बघून किनारा गाठायचा. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात आपल्या नावाने नोंदी द्यायच्या. मावशी भेटल्या तर आधी त्यांना विचारायचे आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याच नावाने लिहायचे.

वही तयार आहे. तिच्यात तारीख, भरतीची वेळ, जागा, पक्षी, संख्या आणि कोणी पाहिला, असे सहा रकाने आहेत. त्या दोन घारींच्या नोंदी आम्ही तांबडी घार आणि काळी घार अशा केल्या आहेत. आडनावाचा रकाना ठेवलेला नाही. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनाही निमंत्रण दिले आहे. त्यांचा निरोप आला आहे, "दुर्बीण एकच आहे ना? मग माझी पाळी पहिली."

जय भीम!